केस क्रमांक तीन

आठ पानांची केस मी रात्री जागून लिहिली:
इतवारीतलं एक कुलरचं दुकान,
तीन वर्षं तोटा, मालकाचं वय अठ्ठावन्न.
नाव बदललं. आकडे तेवढे घरचेच ठेवले.

अकरा संघ आले. अमरावतीचे उशिरा,
तर्री सांडलेल्या शर्टात, पण तयारीनं.
माझ्याकडे घंटी होती, बारा मिनिटांची,
आणि परीक्षकांच्या संत्रा बर्फीचा हिशोब.

जिंकलेल्या संघातली मृण्मयी खोब्रागडे
शेवटच्या स्लाइडवर शांतपणे म्हणाली,
"भावना बाजूला ठेवल्या तर
दुकान बंद करून जागा भाड्यानं द्यावी."
परीक्षकांनी माना डोलावल्या.
मी घंटी वाजवायची विसरले.

मागच्या दाराशी बाबा उकिडवे बसून
सभागृहाच्या कुलरची मोटर बसवत होते,
हातात पेचकस, गुडघ्यावर ओली खस.
टाळ्या थांबल्यावर म्हणाले,
"पोट्टी हुशार आहे बावा.
पण भाडं किती येईल, हे काहून नाही सांगितलं?"

मग पंप सुरू झाला.
शेवटच्या रांगेतल्यांच्या कागदांवर
थोडं पाणी उडालं.