नववी सही

मी जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतो.
भोक असेल तिथं दोरा उचलला जातो,
नसेल तिथं खाली दबून राहतो.
चादरीवर मोर नाचतो तो एवढ्यावरच.
चाळीस वर्षं झाली. बोटांना आता
अंधारातही कळतं कुठं काय उघडं राहिलंय.

तर गोष्ट अशी, की
त्या उन्हाळ्यात दोन कारखान्यांच्या मोटारी गेल्या,
आणि नरसूबाई इप्पलपल्लीच्या गळ्यातलं भर रस्त्यात ओढलं.
समाजाच्या हॉलमध्ये बैठक. पंखा बंद.
पाणी पाचव्या दिवशी येणार, म्हणून
कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.
एक पोरगा कागद घेऊन आला. म्हणाला,
कॅमेरे बसतील. आणि नवा कायदा येतोय,
त्याला पेठेचा पाठिंबा पाहिजे.
कागद तीन होते.
वरचा वाचला. खालचे दोन
टाचणीनं धरून ठेवले होते,
आणि टाचणी काढायला कुणाला वेळ होता?
घरी भाकरी थापायची वेळ झाली होती.

कायदा आला.
खांबाला डोळे आले, मग कान आले.
कोण कुणाला किती वाजता फोन करतं
ते कुठंतरी लिहिलं जाऊ लागलं.
आम्ही म्हणालो, बरं झालं. चोर सापडेल.
मोटारी सापडल्या नाहीत.
सापडला तो कासीम नदाफ.
विड्या वळणाऱ्या बायांचा मजुरीसाठी मोर्चा निघाला,
त्यात आईची चप्पल हातात धरून उभा होता.
चप्पल तुटली होती, एवढंच.
अकरा दिवसांनी सुटून आला.
आता फोन वाजला की
भिंतीकडं तोंड करून बोलतो.

बालय्याच्या हॉटेलात रोज तोच तमाशा.
"तुमच्या लोकांनी आणला बे हा कायदा!"
"आणि मसुदा कुणाच्या राज्यात झाला बे?"
"तेव्हा तू कुठं होतास?"
"तू कुठं होतास?"
बशीतला चहा निवतो, साय धरतो.
ह्याचं बोट त्याच्याकडं, त्याचं ह्याच्याकडं;
धोटा तरी दोन्हीकडं फिरून कापड विणतो,
इथं नुसताच खडखडाट.
आणि वरचा कॅमेरा दोघांचंही
सारख्याच मायेनं ऐकतो.

मी अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून.
दोन महिन्यांनी पेठेच्या कागदांची नक्कल मिळाली.
तिसऱ्या पानावर सगळं स्पष्ट होतं:
ऐकणं, नोंदणं, विचारल्याशिवाय उचलणं.
खाली सह्या.
पहिली ह्या पक्षाची, दुसरी त्या पक्षाची,
चौथी कासीमच्या बापाची,
सातव्या जागी नरसूबाईचा अंगठा.
नववी माझी.
ते लांब शेपूट मीच काढतो, दुसरं कुणी नाही.

घरी येताना चार पुतळ्यांच्या चौकात थांबलो.
ह्या गावावर एकदा गोऱ्यांनी लष्करी कायदा लादला होता.
शाळेत तो धडा मी घडाघडा म्हणायचो.
त्या दिवशी पहिल्यांदा एक सुचलं:
त्या कायद्याखाली
गावातल्या कुणाची सही नव्हती.

पुठ्ठ्याला चुकीचं भोक पडलं तर
एका फेऱ्यात कळत नाही.
साखळी फिरून येते तेव्हा मोराचा पाय
पुन्हा तिथंच मोडतो. पुन्हा. पुन्हा.
मालक विणकराला शिव्या देतो, विणकर सुताला.
उपाय साधा आहे. माग थांबवायचा,
पुठ्ठा काढायचा, भोकावर चिठ्ठी डकवायची.
फक्त कुणीतरी म्हणायला लागतं
की भोक माझ्या हातचं.

काल नक्कल घेऊन हॉटेलात गेलो. टेबलावर ठेवली.
सगळे वाचायच्या आधी एकमेकांकडं बघू लागले.
मग एकानं चष्मा पुसत विचारलं,
"अंबादास, तू नक्की कुणाच्या बाजूचा बे?"

"मी नववा," म्हणालो.
"चौथा कुठं बसतो, माहितीय.
बाकीच्यांनी आपापला नंबर बघा."

बालय्यानं गल्ल्यातून पेन काढून दिलं.
अजून कुणी उचललेलं नाही.