पट्टी

सक्करदऱ्यात, पीठगिरणीच्या वरच्या खोलीत
आमचं चॅनल आहे. नंबर चारशे सतरा.
भक्तीच्या चॅनलांनंतर, दागिने विकणाऱ्यांच्या अलीकडे.
रिमोटवर कुणाचं बोट चुकलं
की आम्ही दिसतो.

दिवसभर झाडीपट्टीतली नाटकं.
वडसा, सिंदेवाही, लाखांदूर,
धान कापलेल्या बांधीत उभे मंडप, रात्री दहा ते पहाट,
एकच कॅमेरा, तोही हेडाऊकाकांच्या खांद्यावर,
म्हणून खलनायक हसला की चित्र थोडं हलतं.
काकाही हसतात.

मी पडद्याखालची पट्टी चालवते.
नायिका विष पिते तेव्हा तिच्या पायांखालून
सरकत जातं माझं अक्षर:
छोटा ताजबाग भागात उद्या नळ येणार नाही.
हरवली आहे निळी फाइल, आत नर्सिंगची सर्टिफिकेटं.
एकदा ‘शोकसभा’च्या जागी ‘शोभासभा’ टाइप झालं.
घरच्यांचा फोन आला, राहू द्या बाई,
म्हातारा तसाच होता.

परवा मोठ्या केबलवाल्यांचं पत्र आलं.
नवं शुल्क. तारीख एकतीस.
आकडा काकांनी दोनदा वाचला,
मग चष्म्यावरचं पीठ पुसून
तिसऱ्यांदा.
तेवढाच होता.

गिरणीवाले मारबते म्हणाले,
‘कायले घाबरता? मोबाइलवर टाका ना सारं.’
भाच्यानं तीन नाटकं टाकली.
दोन कुणी पाहिली नाहीत,
तिसऱ्यातली पेटीची धून
कुठल्याशा कंपनीच्या मालकीची निघाली.
ती वाजवणारा भंडाऱ्याचा न्हावी होता,
त्याला हे कळवायचं कुणी?

कपाटात नऊशे कॅसेट आहेत.
एकीवर काकांचं अक्षर:
‘लाखांदूर. दुसरा अंक नाही. लाइट गेली.’
ती आम्ही दर होळीनंतर लावतो,
पहिला अंक, मग अर्धा तास काळोख,
काळोखात लोकांचं खोकणं, कुणाचं तरी लेकरू,
मग तिसरा अंक. तक्रार आली नाही कधी.

कोण बघतं, असं पत्रात विचारलेलं नाही.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
वर्धमाननगरात एका लिफ्टच्या शेजारी
वारलू कोडापे बसतो, चौकीदार.
एका रात्री कॉम्प्युटर अडला,
पट्टी एका शब्दावर थांबली.
अडीच वाजता त्याचा फोन:
‘बाई, उद्यावर अटकून गेलं तुमचं.
उद्या काय हाये?’

उद्या नळ नव्हता.
तेवढं सांगितलं आणि मशीन बंद-चालू केलं.

आता काका म्हणतात, लोकांना सांगून टाक.
मी लिहून पाहिलं, ‘कळविण्यास खेद होतो की’,
हे आमच्या पट्टीवर कधी धावलेलं नाही.
खोडलं. मग बोलतो तसं लिहिलं:
चॅनल बंद होऊन राहिलं.

वाचलं, आणि थांबले.
पुण्याच्या माणसाला हसू येईल या क्रियापदाचं,
आम्ही मात्र जाऊन राहतो, मरून राहतो,
नळ येऊन राहतो आणि येत नाही.
बंद होऊन
राहिलं.

एंटर दाबलेलं नाही अजून.
कूलरमधलं पाणी संपलंय, पंप कोरडा घरघरतोय,
खालून बादली आणायची आहे.
पडद्यावर कुणीतरी कुणाचा तरी बाप निघालाय,
सहा वाजता मारबते गिरणी सुरू करतील,
मग जमीन हलेल,
आणि वाटेल की काकाच हसताहेत.