चाळिसावा हिस्सा

कंपनीचा वार्षिक अहवाल मराठीत करायचं काम
शब्दाला सव्वा रुपया या दरानं मिळालं.
पणजीत, पाटोच्या चौथ्या मजल्यावर,
गार हवेत बसून मी लिहिलं: लाभार्थी.
लिहिलं सामाजिक बांधिलकी, सामाजिक बांधिलकी,
आणि तिसऱ्या खेपेला
त्या शब्दातली गाठच सुटून गेली.
'इम्पॅक्ट'ला मी 'परिणाम' म्हटलं.
साहेबांनी लाल शाईनं आधी 'सु' जोडला.

मग फोटो हवेत म्हणून डिचोलीला.
मुस्लिमवाड्याच्या टोकाला निळी टाकी,
टाकीपेक्षा रुंद फलक,
फलकावर एक धुतलेलं हिरवं पान.
मागच्या फणसाची पानं
आठ वर्षं तांबडीच.

हलीमा बेपारी म्हणाली, बांय बघतेस आमची?
वाकले.
तळाशी एक चप्पल आणि भेगा.
डोंगरापलीकडे खाणीचे पंप
रात्रंदिवस पाणी उपसून व्हाळात सोडायचे.
'पाणी त्या वाटेनं गेलं,' ती म्हणाली,
'आणि टँकरात बसून परत आलं.
आता त्याचं नाव बदललंय.'
रागानं नव्हे.
बांगड्यांचा आजचा भाव सांगावा, तसं.
नाही, मासळीवाल्या बांगड्यांचा.
हातातल्या दोन मात्र सोन्याच्या होत्या.

मावशी, नळ सोडा, हसा, फोटोग्राफर म्हणाला.
तिनं नळ सोडला.
हसायच्या आधी खाली कळशी सरकवली.

आत गौस, तिचा नवरा,
अठ्ठावीस वर्षं खनिजाचा ट्रक हाकलेला,
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे मांडत होता.
एकविसावा रोजा. तरी मला चहा आला.
पोस्टातली ठेव, त्या दोन बांगड्या;
स्कूटर धरत नाहीत, त्यानं सांगितलं, वापरातली आहे.
'तुमचे सायब किती देतात?'
नफ्याचे दोन टक्के, म्हटलं. कायदाच आहे तसा.
ओठ हलवत त्यानं भाग दिला.
'म्हणजे पन्नासावा.
आमच्यात चाळिसावा. आणि नफ्याचा न्हय,
वर्षभर घरात जे पडून राहिलं, त्याचा.'
पेन्सिल कानामागं ठेवली
आणि ट्रकच्या जुन्या गिअरबॉक्सबद्दल बोलत बसला.

नाक्यावरच्या पोसरकाराकडे मी बिस्किटं घेत होते.
उधारीची वही उघडी.
मुस्तकीम, क्लीनर, झारखंड.
तांदूळ, तेल, तांदूळ, दुखण्याच्या गोळ्या, तांदूळ.
रॅम्पवर पाय चिरडला तेव्हापासूनची सहा पानं
आणि सहाही पानांवरून
तिरपी, ताजी रेघ.
कोणी भागवले?
पोसरकारानं तराजू उगाच पुसला.
'सांगू नको म्हटलंय.
त्या पोरालासुद्धा नाही.
तो विचारतो, तर म्हणतो,
माझाच हिशेब चुकला होता, बाबा.'

रात्री एकेचाळिसावं पान उघडलं.
अपघात: शून्य.
तो पोरगा कंत्राटदाराचा होता ना.
शून्याचं भाषांतर करावं लागत नाही.
त्याचे सव्वा रुपये तेवढे लागतात.

बिल केलं. आठ हजार तीनशे वीस शब्द,
दहा हजार चारशे.
कागद उलटा करून, आमच्याकडे तशी रीत नसताना,
चाळीसनं भागून पाहिलं.
दोनशे साठ.
पर्सच्या मागच्या कप्प्यात ठेवलेत.
कुठल्या दुकानात जायचं,
कोणाच्या पानावर रेघ मारायला सांगायची,
आणि सांगून लगेच बाहेर कसं पडायचं,
हे अजून जमलेलं नाही.
काल म्हापशाच्या बसमध्ये सुटे नव्हते.
कंडक्टर तोंडाला येईल ते बोलला.
ते काढले नाहीत.