पिवळी फुली

सिनेमावाले अकरा रात्री राहून गेले
तेव्हा जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या तेवढ्या उरल्या.
एक दाराशी, एक चुलीपाशी,
आणि पिवळी मधल्या खोलीत,
जिथे जकार्ताहून आणलेली ती मुलगी
उभी राहून डोळे पांढरे करायची
आणि "कट" ऐकलं की आईकडे भात मागायची,
मिरची जास्त घालून.

आमचंच घर त्यांना का आवडलं, कुणी विचारलं नाही.
भाडं आगाऊ मिळालं, बाबांनी कौलं बदलली.
आई कुदुसच्या कारखान्यात दिवसाला तीन हजार सिगारेटी वळायची.
तिच्या बोटांना लवंगेचा वास,
केसांना, आमच्या उशांनासुद्धा.

सुगेंगला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.
जोहोरला, पामच्या मळ्यावर,
रात्रीच्या होडीनं, कागदपत्रांशिवाय.
घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.
थाळी मात्र आई रोज धुवायची.

बाराव्या रात्री मी पिवळ्या फुलीवर उभी सापडले.
असं म्हणतात. मला आठवत नाही.
तोंडून म्हणे पुरुषाचा आवाज निघाला:
"चिचाक, कंदील सरळ धर."
चिचाक म्हणजे पाल.
मी भिंतीला चिकटून उभी राहायचे
म्हणून तो एकटाच मला अशी हाक मारायचा.

बाबा मशिदीमागच्या क्याईंना आणायला निघाले.
आईनं सायकलची हवा सोडून ठेवली होती.

दुसऱ्या रात्री ती फुलीसमोर चटई टाकून बसली,
पुढ्यात त्याची थाळी.
"जेवलास का? पैसे नको पाठवू.
फक्त कुठे आहेस ते सांग."

खरं सांगू?
त्या रात्री माझ्या अंगात कुणी नव्हतं.
मी टक्क जागी होते, लघवी लागली होती,
आणि आई माझ्याकडे बघत होती
जशी दीड वर्षात बघितली नव्हती.
मी आवाज जाड केला.
म्हटलं, बरा आहे. म्हटलं, काम फार आहे.
म्हटलं, ईदला येतो.
भिंतीवर पाल चुकचुकली.
आई म्हणाली, "बघ, खरंच आहे."

पाच रात्री मी त्याला जिवंत ठेवलं.
माझ्या वाटचा भात आई त्याच्या थाळीत वाढायची,
मी तो डाव्या हातानं खायचे, त्याच्यासारखा.
जायचा माझ्याच पोटात,
तरी हाडं वर आली माझी.
तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या रात्री तोंड उघडलं, म्हणायला, बरा आहे.
माझ्याआधी कुणीतरी बोललं. माझ्याच जिभेनं.
"ती खोटं सांगते, आई.
इथे पाणी आत येतंय.
आम्ही एकतीस जण आहोत.
सगळे तुझ्या भाताच्या वासानं आलोत."

दाराशी फुली होती. चुलीपाशी फुली होती.
दोन्हीकडची जमीन ओली होत गेली.

आईनं नखांनी पट्टी खरवडायला घेतली, पिवळी आधी.
मी किंचाळत होते त्याच्या आवाजात,
"नको आई, नको काढू, इथे एवढीच जागा आहे उभं राहायला,"
आणि ती रडत, नखं तुटेतो, खरवडत होती.
दोन मुलांतून एक निवडावं तशी, असं लिहिणार होते.
तशी नव्हे. तेच करत होती ती.

शेवटचा तुकडा निघाला
आणि माझ्या तोंडातून तांब्याभर पाणी आलं.
खारट. समुद्र आमच्यापासून दोन तासांवर आहे.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला, आम्ही सेमारांगला जाऊन पाहिला.
त्यात कुटुंब वाचतं. कोंबडा आरवतो,
आमच्या जुन्या कौलांवर ऊन पडतं.
लोक उठून गेले, झाडूवाला आला,
आई रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिली.

त्या पाच रात्रींचं मी तिला कधी सांगितलं नाही.
तिनंही विचारलं नाही.
थाळी ती अजून धुते.
फक्त आता उपडी ठेवते.