बरणी क्रमांक एकशे अठरा

मार्चअखेर तपासणी, म्हणून बरण्या खाली काढल्या.
खिडकीतून कर्वे रस्त्याचे हॉर्न,
टेबलावर एकशे अठरा:
वीतभर मासा, उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचा,
तोंड झाकणाकडे.

चिठ्ठीवरची शाई कधीच पाण्यात उतरलेली.
वाचता येतं एवढंच: थव्याने राहतो.

चिमट्याने पाठीचा पर उभा केला.
दहा काटे.
अकरा असते तर जात वेगळी, ती वगळली.
उरल्या दोन, तांबोशीच्या भावकीतल्या,
दोन्ही पिवळ्या, दोन्हींना निळे पट्टे,
एकीला चार, एकीला पाच.
याच्या अंगावर एकही नाही.
पुस्तक म्हणतं, रंग पाहा.

‘चार,’ मागून ढमालेकाका.
हातात फडकं, नोकरी उरलेली चार महिने.
कशावरून?
‘मी होतो ना. एक्क्याण्णव साली, कवरत्तीला.
फॉर्मलिनचा कॅन उचलायला नेलेलं.
पोहता येत नाही, म्हणून काचेच्या तळाच्या होडीत बसवलं.’

अंगठा मिटून त्यांनी पंजा आडवा धरला
आणि हवेत हळूच डावीकडे वळवला.
‘एक वळला की सगळे.
पौडच्या पुढं खुरासणी फुलते बघा,
तसलं अख्खं वावर पाण्यात हलत होतं.
पोटाला पांढरे.
दिवसभर प्रवाळाचा एकच खडक धरून.
अंधारलं की पांगायचे, ज्याचा तो चरायला,
असं तिथला नावाडी म्हणाला.’

आणि हा?

‘सरांच्या जाळीत हा एकटाच आला.
बाकीचे फिरून पुन्हा तिथंच.
मधे याच्यापुरती जागा सोडलेली वाटली मला.
नसेलही. काच होती, ऊन होतं.’

नवी चिठ्ठी घेतली. जात लिहिली.
पट्टे: चार. पाहणारा: नथू ढमाले, परिचर.
‘माझं नाव कशाला,’ म्हणाले,
पण शाई वाळेपर्यंत हलले नाहीत.

अधिवास.
इथे पेन अडलं.
घाटाच्या वर, काळ्या दगडाच्या इमारतीत,
कपाट तीन, फळी दोन, तेहेतीस वर्षं.
लिहिलं मात्र: कवरत्ती, प्रवाळ, उथळ पाणी, दिवसा.

काकांनी बरणी पुसून जागेवर ठेवली.
मग शेजारच्या पाच-सहा बरण्या
एकेक करून त्याच बाजूला वळवल्या.
त्यांत एक खेकडा होता.
तोही वळवला.