नव्व्याण्णव

बोरटेकची पहिली फेरी, सन चौऱ्याण्णव.
मी नवी, पेन नवं, चपलांना काळी माती.
घर क्रमांक अकरा, कौतिकाबाई गावंडे
सुपात तूर पाखडत होत्या.
सत्ताविसावा प्रश्न वाचला, छापला होता तसा:
अडीनडीला, रात्री-अपरात्री,
किती घरांचं दार ठोठावू शकाल?

"किती म्हंजे? पुरं गाव हाय ना वं!"

रकाना दोन आकड्यांचा.
पुरं गाव त्यात मावेना.
मी नव्व्याण्णव भरलं, मोठ्यात मोठा आकडा म्हणून.
अमरावतीच्या कचेरीत कळलं,
नव्व्याण्णव म्हणजे "माहीत नाही".
तोवर गठ्ठे पुण्याला गेले होते.

उठता उठता एक जादाचं विचारलं होतं:
नाल्यापल्याडची घरंही धरायची ना?
सूप थांबलं.
मग पुन्हा सुरू झालं, जरा जोरात.
हे मी कुठंच लिहिलं नाही.

दहा वर्षांनी त्यांनी बोटं मोडत मोजलं. सात.
एका बोटापाशी अडल्या:
"ते नोको धरू. धुऱ्याचं भांडन चालू हाय."
खोडलं. सहा.

चौदा साली, दोन.
"त्यातलं एक पल्याडचं. सुजाता तायडेचं.
अपेंडिस फुटलं त्या राती
तिच्याच पोरानं ऑटोत घालून
दारव्ह्याले नेलं मले."
दुसरं कुणाचं, विचारलं नाही.
प्रश्न फक्त किती, एवढाच.

सहावरून दोन. अहवाल म्हणतो, घसरण.
आकडे माझेच आहेत, खोटे नाहीत.
फक्त ती रेघ नाल्यावरून जात नाही.

यंदा हातात टॅब.
तूर तीच, सूप प्लास्टिकचं, ऐकू कमी येतं.
दोनदा वाचला सत्ताविसावा.
त्या दाराकडे बघत राहिल्या.
टॅबचा उजेड मालवला, मी बोट लावून जागा केला.

"काय माइत वं.
ठोठावल्यावरच कळन."

नव्व्याण्णव.
या खेपेला बरोबर.
तक्त्यात घर अकरा:
पहिली फेरी, चौथी फेरी, बदल नाही.

"थांब," म्हणाल्या, आणि आतून वाटी आणली,
वर पळसाचं पान झाकलेलं.
"विरजन हाय. सुजाताच्या घरी दे.
तुह्या वाटंवरच हाय."

वाटेवर नाही.
नमुन्यात तर नाहीच ते घर.
नाला कोरडा होता.
टॅब बगलेत, दोन्ही हात वाटीला;
दार कोपरानंच वाजवलं.

आतून आवाज आला,
कोण?