वाक्यात उपयोग करा

निहारिकाची उद्या परीक्षा.
‘सॉन्टर’ म्हणजे काय गं?
रमतगमत चालणं,
मी कुकरच्या शिट्ट्या मोजत सांगते.
मग वाक्यात उपयोग कर.

मी?
मी बस गाठते, दळण आणते,
शतपावलीसुद्धा शंभर मोजून घालते.
माझ्या एकाही वाक्यात
हे क्रियापद बसत नाही.

दिवा गावचे धर्मामामा म्हणे
मिठागराच्या बांधावरून
संध्याकाळभर चालायचे, कुठेही न जाता.
पण तो झाला भूतकाळ,
आणि पेपरात वर्तमान मागितलाय.

गॅस बंद केला. खाडीकडे निघालो.
चिखलात रोहित,
एकेक पाय विचार करून टाकणारे.
हे बघ, सॉन्टर!
छे, म्हणाली, ते तर जेवताहेत.

परतताना ती
कुंपणाच्या जाळीवरून बोट ओढत,
वाटेत एका कुत्र्याचं बारसं करून,
चपलेतला खडा काढून
तोच खिशात टाकत.
मी पुढे जाऊन थांबायचे,
पुन्हा पुढे, पुन्हा थांबायचे.
मग पुढे जाणंच राहून गेलं.

ऐरोली नाक्यावर
सिग्नलचे अकरा सेकंद शिल्लक होते.
आम्ही पुढचे घेतले.